लाफ्रान्सचा बंपर: चारदा धुतला, पाचव्यांदा क्रोम बसलं

मंडळी, बसलं एकदाचं! काल रात्री पावणेबाराला माझ्या लाफ्रान्सच्या, म्हणजे अमेरिकन लाफ्रान्स बंबाच्या पंचविसाव्या मापातल्या (१/२५) प्लॅस्टिक मॉडेलच्या, बंपरवर क्रोम बसलं. गॅलरीतून तसाच आत आलो आणि झोपलेल्या बायकोला उठवून दाखवलं. एक डोळा उघडून ती म्हणाली, "छान. हा तोच ना, माझ्या डब्यात भिजत घातलेला?" तोच. जुलैपासून चारदा भिजला, चारदा धुतला.

बाकीची प्रगती आधी उरकतो, फारशी नाहीच. पंप पॅनलवरचे गेज लागले. होजबेडमधले (बंबावर पाण्याचे पाइप ठेवायच्या खणातले) पाइप शेवटी बुटाच्या चपट्या सुती नाडीचे केले, चहाच्या पाण्यात बुडवून. ही युक्ती ज्याने सुचवली त्याला माझ्यातर्फे कटिंग लागू. शिडीला हात लावलेला नाही. "१४ एप्रिलच्या आत पूर्ण" असं जानेवारीत छातीठोकपणे लिहिलं होतं, ते कृपया कुणी काढून दाखवू नका. १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांची त्या दिवशी आठवण काढतात, तेव्हा आपलाही बंब टेबलावर उभा असावा एवढीच इच्छा होती. उभा होता, पण पुढून बोडका.

तर बंपर.

क्रोमचे भाग स्प्रूवरून (किटमधल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) कापले की दांडी जिथे चिकटलेली असते तिथे प्लॅस्टिक उघडं पडतं. माझ्या बंपरवर असे चार डाग, त्यातले दोन नेमके पुढच्या कडेवर. शिवाय साच्याची रेघ. ती घासायची तर क्रोम जाणार. आधी पेनाने डाग झाकून बघितले. मोलोटोचं क्रोम पेन माझं फार लाडकं आहे. आरशांच्या कडा, दाराचे दांडे, गेजच्या रिंगा यांसाठी त्याला तोड नाही. पण ९६ इंची बंपर पंचविसाव्या मापात साडेसत्त्याण्णव मिलिमीटर होतो, आणि एवढ्या सपाट पट्टीवर ठिगळ ते ठिगळच दिसतं.

म्हणून पहिली धुलाई. किटचं क्रोम हे मुळात क्रोम नसतंच. निर्वात पेटीत अल्युमिनियमची वाफ बसवलेली असते, तिच्याखाली लॅकरचा थर. कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकलं आणि चहा पिऊन आलो तेवढ्यात अल्युमिनियम गायब. खालचं लॅकर मात्र ब्लीचला दाद देत नाही. त्याला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून टूथब्रशने घासलं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हे सगळं पाळा. ब्लीचच्या आसपास संडास साफ करायचं ॲसिड आणू नका, क्लोरीन सुटतो. आणि डबा स्वयंपाकघरातला घेऊ नका, त्याने घरात वेगळाच वायू पसरतो.

रेघ घासली, डाग भरले, दोन हजारचा वॉटर पेपर फिरवला. आता क्रोमच्या खाली काचेसारखा काळा ग्लॉस हवा. मारला. सुंदर बसला. मी तिथेच उभा राहून बघत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पांढरा पडत गेला. तांदळाचं धुवण सांडावं तशी झाक, डाव्या टोकाकडून सरकत मधोमध.

त्या रात्री हायग्रोमीटरवर आर्द्रता ८८ टक्के होती, तापमान २८. अशा हवेत दवबिंदू जवळजवळ २६ अंशांवर असतो. म्हणजे बंपर नुसता दोन अंशांनी गार झाला की त्यावर पाणी धरणार. आणि लॅकरचा थिनर उडताना नेमका पृष्ठभाग गार करतो, इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट फिरवतात तेव्हा गार लागतं तसा. ते पाणी ओल्या रंगात शिरलं की रंग दुधाळ. मी लोकल स्वस्त थिनर वापरला होता, तो उडायला आणखी घाईचा. डेंटिंग-पेंटिंगवाले पावसात रिटार्डर (थिनर सावकाश उडवणारं द्रव्य) का टाकतात हे मला माहीत होतं. तरी टाकला नव्हता. दुसरी धुलाई.

पुढच्या खेपेला गुंझेचा लेव्हलिंग थिनर आणला (महाग आहे, पण पावसाळ्यात यावर पैसे वाचवू नका, माझा तरी आता कानाला खडा). काळा रंग पांढरा पडला नाही. अर्ध्या वाटेवर एअरब्रश (रंग फवारायचं पेन) शिंकला आणि बंपरच्या मधोमध पाण्याचा थेंब. कॉम्प्रेसरजवळ हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप होता हो! पण दाबलेली गरम हवा पुढे नळीत गार होते आणि उरलेलं पाणी तिथे सोडते, ट्रॅपच्या पलीकडे. आता ब्रशच्या बुडाशीच लागणारा छोटा ट्रॅप घेतलाय, नळी टेबलावरून खाली लोंबकळत ठेवतो आणि दर दहा मिनिटांनी फुंकून पाणी काढतो. तिसरी धुलाई.

यातूनच या पावसाळ्यातला माझा सगळ्यात आवडता शोध लागला. सासऱ्यांकडे जुन्या कॅमेऱ्यांचा पत्र्याचा डबा होता. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ते त्यात छोटा बल्ब सतत पेटता ठेवायचे. तो उचलून आणला. रंग मारायच्या अर्धा तास आधी बंपर त्यात, मारल्यावर लगेच परत त्यात. कोमट बंपर दवबिंदूपर्यंत गार होतच नाही. काळा रंग असा बसला की त्यात ट्यूबलाइटचा चोक दिसत होता. त्या रात्री मी क्रोम मारलंच नाही. नुसता बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अल्क्लॅडचं क्रोम मारलं आणि बंपर झाला स्टीलच्या पातेल्याच्या बुडासारखा. राखाडी. चमक यावी म्हणून अजून मारलं, अजून राखाडी. चौथी धुलाई.

इथे मी हात टेकले आणि ठरवलं की बंपर लालच करायचा. खऱ्या बंबांवरही तसं करतातच. अमेरिकेत बंब मागवताना बंपर रंगवलेला, क्रोम केलेला किंवा पॉलिश केलेल्या स्टेनलेसचा घेता येतो, आणि रंगवलेल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. क्रोमचा वरचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही पातळ असतो. खरं रक्षण खालचं निकल करतं. दगड बसून खड्डा पडला आणि तो पोलादापर्यंत गेला की आतून गंज धरतो, पापुद्रा उचलतो. मग जागच्या जागी काही करता येत नाही, बंपर उतरवून सगळंच नव्याने. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर मागच्या बाजूनेच पोखरतो. रंगाचा टवका उडाला तर घासा, लांबी भरा, टचिंग करा, संध्याकाळी गाडी बाहेर. त्यात पुढे काढलेल्या बंपरमध्ये होज ठेवायचा खळगा असला की पितळी कपलिंगं कडेवर आपटत राहणार. आपल्याकडे टाटा नाहीतर लेलँडच्या चासीवरचे बंब बघा, बंपर बहुतेक रंगवलेलाच. समुद्राची खारी हवा असताना दुसरं काय करणार?

(मधल्या काळात एका निकलवाल्यालाही विचारून आलो. त्याने बंपर दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "ये चाबी का छल्ला है क्या?")

तर लाल रंग घोटायला घेतला आणि त्याच संध्याकाळी खाली दूध आणायला गेलो. आमच्या कंपाउंडमध्ये तळमजल्यावरच्या काकांची पद्मिनी उभी असते. टॅक्सीवाल्या सगळ्या २०२३च्या ऑक्टोबरात गेल्या, ही खासगी म्हणून उरली आहे. पाऊस थांबला होता, कव्हर काढलेलं होतं. तिच्या मागच्या बंपरसमोर मी उकिडवा बसलो. कडेला नाचणीच्या दाण्याएवढे गंजाचे फोड, एका ठिकाणी पापुद्रा सुटलेला. हे सगळं अपेक्षित होतं. पण उरलेलं चांगलं क्रोम जे होतं ते जवळजवळ काळं होतं. खालच्या अर्ध्या गोलाईत ओली फरसबंदी, काळीच. वर आकाशाची एक पांढरी पट्टी. दोन्हींच्या मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ आणि त्या रेघेवर चपटा झालेला मी, दुधाच्या पिशवीसकट. रुपेरी म्हणावा असा रंग शोधूनही सापडेना.

काका वरून ओरडले, "काय रे, ठोकली का कुणी?" मी म्हटलं, "नाही काका, बघतोय नुसता." त्यांना ते पटलेलं नाही.

वर आल्यावर डोक्यात उजेड पडला. अल्युमिनियम दहातला जवळजवळ नऊ हिस्से प्रकाश परत फेकतं. क्रोमियम साधारण दोन तृतीयांश, तोही किंचित निळसर. म्हणूनच किटचं मूळ क्रोम खेळण्यातलं दिसतं, जरुरीपेक्षा पांढरं. आणि मी अजून मारू, अजून मारू करत खालचा काळा झाकून टाकत होतो. खरं काम तर तो काळाच करतो, वर नुसती वाफ हवी.

लाल झाकून ठेवला. बंपर पुन्हा काळा केला, दोन दिवस बल्बच्या डब्यात. काल रात्री हवेचा दाब १२ पीएसआयवर ठेवून, इतके पातळ हात की पहिल्या दोन फेऱ्यांत काही झालंय असंच वाटलं नाही. तिसऱ्या फेरीला काळ्यातून ट्यूबलाइट पांढरी होऊ लागली. चौथ्या फेरीला हात सुटत नव्हता, पण थांबलो. आणि बंपरच्या खालच्या गोलाईत टेबलाची हिरवी कटिंग मॅट दिसली, वर गॅलरीचे गज. मोजता येत होते. सहा.

वरून क्लिअर मारणार नाही. कुठलंही क्लिअर थोडी चमक खातंच, आणि हा बंपर हाताळायचा नाहीच. ज्यांना हाताळायचंय त्यांनी आधी चमच्यावर करून बघा.

इथपर्यंत लिहून जेवायला गेलो होतो. जेवताना सुचलं ते असं: घोटलेला लाल वाया का घालवायचा? किटमधला मूळ बंपर आहेच, शिवाय प्लॅस्टिकच्या शीटमधून दुसरा कापता येईल. सरळच तर पट्टी आहे, टोकांना गोलाई. दोन्हींच्या मागे आणि चासीच्या टोकांवर ३ मिलिमीटरचे निओडायमियम मॅग्नेट. एक बंब, दोन तोंडं. प्रदर्शनाला क्रोम, एरवी लाल. लॅमिंग्टन रोडवर हे मॅग्नेट सुटे मिळतात, शनिवारी जातोच आहे.

फक्त लाल रंगात एक गोम आहे, आणि "रंगवलेला बंपर सोपा" म्हणणाऱ्यांना ती माहीत असावी. केबिन मी मार्चमध्ये रंगवली, कोरड्या हवेत. आयएस ५ (रंगांचं भारतीय मानक) मधला ५३६ नंबरचा फायर रेड डोळ्यासमोर ठेवून घोटलेला रंग होता तो, बाटलीत बोटभर उरलाय. तोच रंग ऑगस्टच्या हवेत, वेगळ्या थिनरने, वेगळ्या प्रायमरवर मारला तर केबिनला खेटून तो केबिनचा वाटेल याची खात्री नाही. क्रोमला कुणाशी जुळायचं नसतं, हा त्याचा एक मोठाच फायदा. मी आधी शीटच्या तुकड्यावर राखाडी, पांढरा आणि गुलाबी अशा तीन प्रायमरांवर मारून केबिनला टेकवून बघणार आहे, दिवसाच्या उजेडात. नाहीच जुळला तर बंपर सरळ पांढरा करीन. लालभडक केबिनखाली पांढरा बंपर मला तसाही आवडतो, आपल्या रस्त्यावरचा वाटतो.

थांबा, पांढरा केला तर क्यूटूबी (अमेरिकन बंबांवरचा मोठा यांत्रिक) सायरन कुठे बसवू? तो बंपरवरच बसतो आणि त्याचा घुमट क्रोमचाच हवा. म्हणजे सायरन दोन्ही बंपरांवर वेगवेगळा, किंवा त्यालाही मॅग्नेट. घुमट ७ मिलिमीटरचा आहे. हा तरी पेनाने होईल असं वाटतंय, ठिगळाचा प्रश्न नाही. पण शेजारी कालचा बंपर असताना पेनाचं क्रोम पांढरट दिसलं तर? म्हणजे त्यालाही काळा, त्यालाही बल्बचा डबा.

दरम्यान धाकटीने आज सकाळी डबा उघडून बंपर बघितला. हात लावला नाही म्हणते. डाव्या टोकाला अंगठ्याचा पुसटसा ठसा आहे, तो मोठ्या माणसाचा आहे आणि मला माझा अंगठा दाखवायला सांगण्यात आलं आहे. ठसा कडेला आहे, चासीकडच्या बाजूला. धुणार नाही.

कुणाकडे पंचविसाव्या मापाची चौकड्यांची डायमंड प्लेट शीट उरली असेल तर कळवा, बंपरच्या माथ्याला दहा सेंटिमीटरची पट्टी पुरे. बदल्यात अर्धी बाटली रिटार्डर देतो.