एक्स१ की क्यू३: जुन्या गाडीच्या बिलांनी दिलेला कौल

आमची सेडान आता बारा वर्षांची झाली. तिने आम्हाला एकदाही रस्त्यात टाकले नाही. पण गेल्या पावसाळ्यात फोंडा घाटातील एका खड्ड्यात तिचे पोट असे काही घासले, की शेजारी बसलेल्या सासूबाईंनी दचकून स्वतःचेच पाय वर उचलून घेतले. त्या रात्री देवगडच्या घरी जेवता जेवता जरा उंच गाडी घेण्याचा विषय निघाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी रचना आली. अशा मोठ्या एसयूव्हींवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर सरसकट ४० टक्के झाला आणि कालपर्यंत आवाक्याच्या जरा पलीकडे असलेल्या गाड्या अलीकडे सरकल्या. सगळी पाहणी करून यादीत दोनच नावे उरली: बीएमडब्ल्यू एक्स१ आणि ऑडी क्यू३.

मर्सिडीजची जीएलए का नाही, असे कोणी विचारील. ती आपल्या चाकणला तयार होते आणि दिसायलाही देखणी आहे. पण तिची पेट्रोल आवृत्ती १.३ लिटरच्या इंजिनाची, आणि आम्हाला आवडलेली चारही चाकांना ताकद देणारी डिझेल आवृत्ती आमच्या मर्यादेबाहेरची. एक्स१चीच विजेवर चालणारी लांब आवृत्ती, आयएक्स१, जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली, तिचाही विचार झाला. मात्र देवगडच्या आमच्या वाडीत पावसाळ्यात वीज गेली की ती केव्हा येईल याचा नेम नसतो, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

कागदावर पाहिले तर या दोन गाड्या बहिणी वाटाव्यात इतक्या जवळच्या आहेत. एक्स१ची लांबी ४५०० मिलिमीटर, क्यू३ची ४४८२. दोन चाकांमधले अंतर एकीचे २६९२, दुसरीचे २६८०. दोन्हींना सात गिअरची ड्युअल क्लच स्वयंचलित पेटी आहे. एक्स१ चेन्नईजवळ जुळवली जाते, तर क्यू३ छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत. खरा फरक बॉनेटखाली आहे. एक्स१ची पेट्रोल आवृत्ती दीड लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनावर १३६ अश्वशक्ती आणि २३० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढण्याचा जोर) देते, तर दोन लिटरची डिझेल आवृत्ती १५० अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन मीटर. दोन्हींमध्ये ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. क्यू३ फक्त पेट्रोलमध्ये येते, कारण ऑडीने बीएस-६ या प्रदूषणविषयक नियमांच्या वेळी भारतात डिझेलला रामराम ठोकला. पण तिचे दोन लिटरचे इंजिन १९० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन मीटर देते आणि क्वात्रो ही चारही चाकांची यंत्रणा तिला मुळातच असते. हेच इंजिन फोक्सवॅगनच्या टिग्वानमध्ये आणि स्कोडाच्या आधीच्या कोडियाकमध्येही होते. त्यामुळे ऑडीच्या चार कड्यांच्या बिल्ल्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजत आहोत का, हा प्रश्न आमच्या यजमानांनी दोनदा विचारला आणि मी दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखे केले.

दोन्ही गाड्या आम्ही पुण्यात पाहिल्या. पहिल्या खेपेला एका शोरूमने ठरलेल्या, डांबर नुकतेच ओतल्यासारख्या तीन किलोमीटरच्या रस्त्यावरून आम्हाला फिरवून आणले आणि त्याबाहेर गाडी न्यायला परवानगी नाही असे सांगितले. पन्नास लाखांची वस्तू अशी पाहायची, तर दुकानातल्या आरशासमोर उभे राहून चप्पल घेण्यापलीकडे हाती काय लागणार? दुसऱ्या खेपेला मात्र आम्ही आधीच फोनवर बोलून घेतले आणि दोन्ही गाड्या जुन्या कात्रज घाटातून चालवल्या. चौघे आत, डिकीत दोन बॅगा, एसी चालू. या एका फेरीने जे सांगितले ते महिनाभर पाहिलेल्या व्हिडिओंनी सांगितले नव्हते.

चालवण्याची मजा एक्स१ मध्ये अधिक आहे, हे मी आधीच कबूल करते. स्टिअरिंग तत्पर आहे आणि वळणावर गाडी अंग आवरून वळते. तिची डिझेल आवृत्ती इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्याही खाली अशी ओढते, की चढ आहे हे पायाला कळत नाही. पेट्रोल आवृत्ती शहरात गोड वागते. चढावर चौघांना घेऊन ओव्हरटेक करायचे तर मात्र पाय खोलवर दाबावा लागतो आणि मग तीन सिलिंडरांचा आवाज आत ऐकू येतो. क्यू३ वळणावर तेवढी चपळ नाही, पण तिच्याकडे ताकदीचा साठा कायम शिल्लक आहे असे वाटत राहते. रांगत्या वाहतुकीत दोन्हींच्या पेट्या किंचित अडखळतात. ड्युअल क्लचचा तो स्वभावच आहे आणि आठवडाभरात पायाला त्याची सवय होते, असे जाणकार सांगतात.

मागच्या आसनाच्या परीक्षेसाठी मी सासूबाईंना नेले होते. त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आमच्या सेडानमध्ये बसताना त्यांना विहिरीत उतरल्यासारखे वाटते. एक्स१ जात्याच उंच आहे. मागचे आसनही उंचावर, मांडीला आधार पुरेसा. त्या न वाकता बसल्या आणि हात न टेकता उतरल्या. क्यू३चे मागचे आसन मागेपुढे सरकते आणि त्याची पाठ कलती करता येते, डिकीही ५३० लिटरची आहे. पण मधोमध मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा उंचवटा आहे आणि मध्ये बसणाऱ्याला त्याच्या दोन बाजूंना पाय टाकून बसावे लागते. माझ्या मनात तिथेच निकाल लागला: एक्स१ आणि तीही डिझेल.

कोल्हापूरला घरी परतल्यावर हिशेब पक्का करावा म्हणून मी जुन्या गाडीची फाइल काढली. आमचे "रनिंग" वर्षाला अठरा हजार किलोमीटर तरी असेल, असे आम्ही दोघेही शोरूममध्ये ठामपणे सांगून आलो होतो. त्या आकड्यावर डिझेलचे गणित चोख बसते. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरले, पेट्रोलला दहाचे आणि डिझेलला पंधराचे ॲव्हरेज धरले, तर वर्षाला ७८ हजार रुपये वाचतात. महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीवर रस्ता कर १३ टक्के आणि डिझेलवर १५ टक्के आहे. म्हणजे पन्नास लाखांमागे जास्त जाणारा लाखभर रुपया सव्वा वर्षात वसूल.

पण फाइलमधील सर्व्हिसिंगची बिले वेगळेच बोलत होती. प्रत्येक बिलाच्या वरच्या कोपऱ्यात किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो. मी गेल्या तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडून वजाबाक्या केल्या: ९,१००, ९,८००, ९,४००. ही माझी गाडी, माझे पाय, माझे पेट्रोल, आणि माझा अंदाज जवळपास दुप्पट निघाला! देवगडच्या वर्षातल्या सहासात फेऱ्या आणि पुण्याच्या तीनचार सोडल्या, तर बाकी सगळी ये-जा नागाळा पार्कमधील घर ते राजारामपुरीतील दवाखाना, म्हणजे चारेक किलोमीटरची. इंजिन धड तापायच्या आत दवाखाना येतो.

डिझेलला नेमके हेच सोसत नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ सलग, वेगात पळावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत ती गाळणी तुंबत जाते. शिवाय धूर स्वच्छ करणारे ॲडब्लूचे द्रावण अधूनमधून भरायचे ते वेगळेच. ९,४०० किलोमीटरवर वार्षिक बचत ४१ हजारांवर आली आणि कराचा जास्तीचा लाख वसूल व्हायला अडीच वर्षे लागू लागली. तेवढ्या रकमेसाठी डिझेलला रोज तिच्या स्वभावाविरुद्ध वागवायचे, हे मला पटेना.

म्हणजे सामना आता पेट्रोल विरुद्ध पेट्रोल असा झाला आणि पारडे एकदम फिरले. फोंडा घाटात जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, वरून लाल माती वाहून येते. अशा वळणावर थांबून पुन्हा चढायला सुरुवात केली, की पुढच्या चाकांनी चालणारी गाडी चाके फिरवत राहते, कारण चढावर वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. क्यू३ची क्वात्रो ही ऑडीच्या मोठ्या गाड्यांतल्या जुन्या कायमस्वरूपी यंत्रणेसारखी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. तिच्यात मागच्या आसापाशी चकत्यांचा क्लच आहे आणि गरज पडेल तशी ताकद तो मागे पोहोचवतो. चिखलाचे डोंगर तुडवायला ती नाही, पण फोंड्याच्या चढासाठी एवढे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट दाजीपूरच्या धुक्याने शिकवलेली. काच आतून एकाएकी पांढरी होते, तेव्हा नजर रस्त्यावर ठेवून हाताला पंख्याची खुंटी सापडली पाहिजे. क्यू३ मध्ये एसीला वेगळी बटणे आणि फिरत्या खुंट्या आहेत, बोट आपोआप तिथे जाते. एक्स१ मध्ये तापमान आणि पंख्याचा वेग १०.७ इंची पडद्यावरून बदलायचा. शोरूममध्ये तो वक्र पडदा डोळ्यांत भरतो. मी दातांची डॉक्टर असल्यामुळे असेल, पण न पाहता हाताला लागणाऱ्या अवजारावर माझा विश्वास अधिक आहे. ध्वनियंत्रणा, छताची काच, रंग बदलणारे दिवे यांत दोघींचेही ठीक चालले आहे आणि अपघात-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपचे पाच तारेही दोघींकडे आहेत.

राहिला सासूबाईंच्या गुडघ्याचा प्रश्न. मी जरा अपराधी मनानेच त्यांना सांगितले की मागे बसायला ती पहिली गाडी बरी होती, पण आम्ही दुसरीचा विचार करत आहोत. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, पण मी मागं बसते कधी? घाटात मला मळमळतं. मी पुढंच बसणार." आणि खरेच, बारा वर्षांत त्या पुढेच बसत आल्या आहेत, खड्ड्यात पाय उचलून घेतले तेही माझ्या शेजारी बसूनच. पुढचे आसन बटणाने वरखाली होते. मागे बसतो तो आमचा सहा फुटी मुलगा, आणि सरकणाऱ्या आसनावर पाठ कलती करून तो कात्रजलाच झोपला होता.

एक खोट मात्र डोळ्यांसमोर ठेवूनच पुढे गेलो. ऑडीने जून २०२५ मध्ये तिसऱ्या पिढीची क्यू३ जगासमोर आणली आहे, त्यामुळे आज घेतलेली गाडी उद्या "जुने मॉडेल" ठरणार आणि विकताना त्याचा फटका बसणार. एक्स१ची सध्याची पिढी भारतात जानेवारी २०२३ मध्ये आली, त्या मानाने ती ताजी. आम्ही गाडी बारा वर्षे वापरतो, म्हणून हा फटका आम्हाला फारसा लागणार नाही. उलट घासाघीस करताना हाच मुद्दा आम्ही पुन्हा पुन्हा पुढे केला आणि त्याचा उपयोगही झाला.

घासाघीस करताना लक्षात आलेल्या काही गोष्टी नोंदवते, कारण त्या कोणी आपण होऊन सांगत नाही. एका ठिकाणच्या कोटेशनमध्ये "हँडलिंग" नावाची एक गुबगुबीत रक्कम होती. ती कशाची, असे विचारल्यावर दुसऱ्या दिवशीच्या कागदावरून ती गायब झाली. विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो हेही खरे नाही. तिसऱ्या पक्षाचा तीन वर्षांचा विमा सक्तीचा असतो, बाकीचा कोठूनही घेता येतो, आणि कोकणात जाणाऱ्याने झिरो डेपसोबत (म्हणजे सुट्या भागांची घट न कापता भरपाई) पाण्याने इंजिन बिघडल्यास भरपाई देणारे कलम घ्यावेच. दहा लाखांपुढच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर) लागतो, तो विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो. म्हणून बिल ज्याच्या पॅनवर करायचे त्याचे नाव आधीच ठरवावे.

बुकिंग झाले आहे. रंगावर अजून एकमत नाही: मुलाला निळा हवा, यजमानांना पांढरा, आणि फोंड्याची लाल माती कोणत्या रंगावर कमी दिसेल याचा मी अंदाज घेत आहे. सासूबाईंची अट एवढीच आहे, की पुढच्या दाराच्या कप्प्यात त्यांची आवळासुपारीची डबी न कलंडता उभी राहिली पाहिजे. ती राहते. त्यांची डबी पर्समधून नेऊन मी शोरूममध्येच ठेवून पाहिली आहे.