कूलरसमोर फुटलेला बेस

मे महिन्यातली दाट तीथ. खानदेशातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका गावात साडेबाराचं लग्न होतं आणि नवरीचा मेकअप माझ्याकडे होता. साडेआठला पोचले तेव्हाच वरचे पत्रे तडतडायला लागले होते. नवरी माजघरात खुर्चीवर, तिच्यापासून चार फुटांवर भला मोठा कूलर, आणि त्याचा झोत सरळ तिच्या तोंडावर. घरच्यांनी मायेनेच ठेवला होता. त्या झोताने पुढे काय केलं ते नंतर सांगते.

मुलीची त्वचा चांगलीच तेलकट. कपाळाचा मधला पट्टा, नाक, नाकाच्या दोन्ही बाजूंचे गाल आणि हनुवटी इथे पोअर्स, म्हणजे त्वचेची बारीक छिद्रं, उघड्या डोळ्यांनी दिसत होते. उजव्या गालावर जुन्या पुटकुळ्यांचे दोन-तीन बारीक खड्डेही होते. फेब्रुवारीत ट्रायल झाली तेव्हा बेस, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या फाउंडेशनचा नि पावडरचा थर, पाच तास टिकला होता, म्हणून मी निर्धास्त होते. फेब्रुवारीतली ट्रायल मेच्या लग्नाला फारशी कामाची नसते हे माहीत असूनही.

त्यात आदल्या संध्याकाळची हळद तेलात कालवलेली. चेहरा, मान, कानामागचा भाग सगळं पिवळं. आणि तेल जावं म्हणून पोरीने सकाळपासून चार वेळा अंगाच्या साबणाने तोंड धुतलेलं. त्यामुळे वरून त्वचा ओढल्यासारखी कोरडी, नाकाशेजारी पापुद्रे, आणि दहा मिनिटांत तिथेच तेल. साबणाने वरचं तेल निघतं, खालच्या ग्रंथींचं काम चालूच राहतं. वर पापुद्रा नि खाली तेल, हे मेकअपसाठी सगळ्यात वाईट.

हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तेलकट चेहऱ्याला पुन्हा तेल लावताना बघून नवरीच्या मावशी दचकल्या, पण क्लेंझिंग ऑइलच लागतं. रुपयाच्या नाण्याएवढं घेऊन कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर फिरवायचं, मग ओल्या हातांनी ते दुधाळ करायचं, धुवायचं, आणि त्यानंतर सौम्य जेल फेसवॉश एकदाच. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. स्क्रब तर लग्नाच्या दिवशी नकोच. तरीही थोडा पिवळेपणा राहतो. अशा वेळी फाउंडेशनची शेड त्या दिवशीच्या चेहऱ्यावरून ठरवली तर हमखास चुकते. ट्रायलच्या दिवशी मानेवर जुळवलेली शेड वहीत लिहून ठेवलेली होती, तीच घेतली.

एवढ्यात मावशींनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अॅसिडिटीचं पांढरं पातळ औषध, मिल्क ऑफ मॅग्नेशिया, प्रायमर, म्हणजे फाउंडेशनखालचा थर, म्हणून लावा, तेल येतच नाही. तेल शोषतं हे खरं. पण त्वचेचा वरचा थर आम्लधर्मी असतो, पीएच साधारण साडेचार ते साडेपाच, आणि या औषधाचा दहाच्या वर. साबणाने आधीच ओढलेल्या त्वचेवर ते लावलं असतं तर दुपारपर्यंत आग झाली असती. अंड्याचा पांढरा भाग सुचवणारेही भेटतात. तो वाळला की ताणतो, आणि नवरी हसली की तडकतो. बर्फ मात्र मी फिरवते, मऊ कापडात गुंडाळून मिनिटभर. त्याने लाली आणि सूज थोडा वेळ उतरते. पोअर्स बंद होत नाहीत. त्यांना दारासारखी उघडझाप नसते, वाफेनेही नाही.

मग चूक झाली, आणि ती माझीच. ट्रायलला वापरलेला प्रायमर संपला होता, त्याच्या जागी नवी ट्यूब आणली होती. पोअर्स बुजवणारी, बोटाला मखमलीसारखी लागणारी. म्हणजे सिलिकॉनवाली. फाउंडेशन तेच जुनं, पाण्याच्या बेसचं, मॅट म्हणजे बिनचमकीचं. सिलिकॉनच्या थरावर पाणी धरत नाही, मेणकापडावर पाण्याचे थेंब पळतात तसं. शिवाय मी तो प्रायमर पूर्ण चेहऱ्यावर लावला. पावणेदहाला बेस, पावडर सगळं होऊन चेहरा सुरेख दिसत होता.

दहा वाजून पाच मिनिटांनी डोळ्यांचं काम करताना लक्ष गेलं. नाकपुडीच्या कडेला फाउंडेशन सरकून बारीक भेगा पडल्या होत्या, आणि गालावर प्रत्येक पोअरच्या तोंडाशी एकेक गडद ठिपका बसला होता. हनुवटीवर फाउंडेशनच्या वळकट्या सुटत होत्या, खोडरबर घासल्यावर सुटतात तशा. नवरीची आई जवळ येऊन म्हणाली, “माय वं, कितलं चमकी ऱ्हायनं पोरनं तोंड!”

अशा वेळी पहिला मोह होतो वरून पावडर दाबण्याचा. तेलावर पावडर पडली की त्याची लापशी होते आणि पोअर्स दुप्पट मोठे दिसतात. नाकापुरतंच पुसून डागडुजी करावी असंही वाटतं. पण खालचा प्रायमरच जुळत नसेल तर आज नाक, अर्ध्या तासाने गाल. सगळं काढायचं ठरवलं. डोळे झाले होते तेवढे वाचवले, बाकी चेहरा मायसेलर वॉटरने, म्हणजे मेकअप काढायच्या पाण्याने पुसून, ओल्या कापडाने पुन्हा पुसून कोरा केला. हाताशी दीड तासाहून थोडा जास्त वेळ होता. माझी मदतनीस तोवर केस बांधत राहिली.

आणि आधी कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा खणखणीत कोरडी असते, म्हणून कूलर छान चालतो. पण तो थंडावा ओल्या हवेचाच असतो. पाण्याच्या बेसचं फाउंडेशन त्यातलं पाणी उडून बसतं. तोंडावर ओला झोत चालू असेल तर ते बसतच नाही, ओलंच राहतं, आणि खालून येणारं तेल त्यात मिसळतं. कूलर बंद केला असता तर घामाने वाट लागली असती. मग पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालू केला आणि झोत पाठीकडे फिरवला. जाळ्या ओल्या असतात, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं थोडा गारवा येतो, तोवर बेस होऊन जातो. लग्नघरी हे पोचल्या पोचल्या करायचं काम. मी ते दहा वाजता केलं.

दुसऱ्यांदा काहीही लावण्याआधी पाच मिनिटं चेहरा तसाच ठेवला आणि एक टिश्यू हलकेच दाबून बघितला. कागदावर नकाशा उमटतो. कपाळाचा मध्य, नाक आणि हनुवटी इथे पारदर्शक डाग, गालांच्या बाहेरच्या बाजूला काहीच नाही. म्हणजे सगळ्या चेहऱ्याला एकच उपचार नको. जेल मॉइश्चरायझर दोन्ही गालांना मिळून वाटाण्याएवढं, नाकाला तांदळाच्या दाण्याएवढं, तेही पापुद्रे होते म्हणून. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर टाळणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. मग फाउंडेशन पापुद्र्यांना चिकटतं आणि दोष त्वचेला दिला जातो. लावून पाच मिनिटं थांबले.

मग सकाळी टाळलेली परीक्षा केली. हाताच्या पाठीवर प्रायमरचा एक थेंब, शेजारी फाउंडेशनचा एक, दोन्ही बोटाने एकत्र चोळायचे आणि मिनिटभर बघायचं. नासलेल्या दुधासारखे कण फुटले तर जोडी जुळत नाही. नवी ट्यूब आणि जुनं फाउंडेशन लगेच फुटलं. डब्यावरची घटकांची यादी वाचली तरी कळतं: पहिल्या चार-पाच नावांत शेवटी ‘-कोन’ किंवा ‘-सिलॉक्सेन’ असणारी नावं दिसली की सिलिकॉनचा बेस. यादीत पाणी पहिलं असलं तरी फसू नये, सिलिकॉनच्या फाउंडेशनमध्येही बहुधा पाणीच पहिलं असतं. दुसरं-तिसरं नाव बघायचं. किटमध्ये सिलिकॉन बेसचं एक लाँगवेअर फाउंडेशन होतं, त्याच शेडच्या जवळचं. नव्या प्रायमरबरोबर ते हातावर एकजीव झालं. जबड्याच्या कडेला एक रेघ ओढून ठेवली, कारण तेल लागलं की फाउंडेशन गडद होतं. काळ्या रानावर पाणी पडल्यावर माती गडद दिसते तसंच. पंधरा मिनिटांत ती रेघ अर्धी शेड गडद झाली, म्हणून त्यात उजळ शेडचा थोडा अंश मिसळला.

प्रायमर या वेळी फक्त पोअर्सच्या जागी. दोन्ही गालांच्या आतल्या भागाला एकेक तांदूळ, नाकाला अर्धा. बोटाच्या टोकाने दाबत, बारीक गोल फिरवत, खालून वर. तोंडावरची लव खालच्या दिशेने असते आणि पोअरचं तोंडही तिकडेच झुकलेलं असतं. वरून खाली ओढलं तर प्रायमर त्यावरून घसरून जातो. तीन मिनिटं थांबून तेलाच्या पट्ट्यावर पावडरचा अगदी पातळ थर दिला, फाउंडेशनच्या आधी. उलटा क्रम वाटतो, पण खालून येणारं तेल आधी त्या पावडरमध्ये मुरतं.

फाउंडेशन संपूर्ण चेहऱ्याला मिळून एक पंप. सकाळी अडीच गेले होते. स्पंज भिजवून, पिळून, पुन्हा टॉवेलमध्ये दाबून घेतला. तो नुसता दमट हवा, ओला नाही. ठोकत ठोकत लावायचं, पुसल्यासारखं ओढायचं नाही. ओढलं की रंग पोअरच्या खड्ड्यात साचतो आणि तेच ते गडद ठिपके. डाग दिसत होते तिथे बारीक ब्रशने कन्सीलरचे ठिपके, बाकी दुसरा थर कुठेच नाही. उजव्या गालावरचे खड्डे मात्र राहिले. खड्डा दिसतो तो सावलीमुळे, रंगामुळे नाही, आणि सावलीवर कन्सीलर चालत नाही. मोबाईलचा टॉर्च बाजूने धरला की ते दिसत होते, समोरून धरला की नाही. व्हिडिओवाल्या भाऊला सांगितलं, लाइट उजव्या बाजूने मारू नका, समोरून आणि थोडा वरून ठेवा. एक अख्खी ट्यूब लावून जे झालं नसतं ते तेवढ्याने झालं.

दोन मिनिटांनी एकपदरी टिश्यू दाबून वर आलेलं तेल टिपलं आणि मगच पावडर. पफवर पावडर घ्यायची, पफ दुमडून आतल्या आत चोळायची, तळहातावर झटकायची, मग दाबून किंचित लोळवायची. एकदम पांढरी दिसणारी सिलिकाची पावडर तेल उत्तम शोषते, पण जास्त झाली तर फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली आणि नाकावर चुन्यासारखे पट्टे येतात. म्हणून फ्लॅश चालू करून एक फोटो काढून बघितला. नाकाच्या शेंड्यावर पांढरं आलं होतं, तेवढं कोरड्या ब्रशने झटकलं. चमकीचा हायलाइटर दिलाच नाही. मावशी नाराज झाल्या, पण पोअर्सवर चमकी म्हणजे भिंगच.

नथीचं सांगायलाच हवं. दाबाची नथ नाकपुडीवर नेमकी त्याच जागी बसते जिथे सगळ्यात जास्त तेल असतं, आणि मुलगी दर दहा मिनिटांनी ती सारखी करते. म्हणून नथ शेवटी घालू नये. पावडरच्या आधी घातली, तार जिथे टेकते तिथला रंग बारीक ब्रशने नीट केला आणि मग पावडर दाबली. मुंडावळ्यांच्या दोऱ्याखाली कपाळावर पावडरचा एक हात जास्त दिला, कारण तिथे घाम अडकून राहतो. सेटिंग स्प्रे वीतभर लांबून, डोळे मिटून, चार दाब. आपोआप वाळू दिला. त्यानंतर कुठे मोटर पुन्हा चालू केली, झोत पाठीकडेच ठेवून. बारा वाजायला दहा कमी होते.

करवलीच्या हातात दहा टिश्यू आणि एक पफ दिला, आणि एकच काम सांगितलं: आधी टिपायचं, मग पावडर, आणि पावडर दोनदाच्या वर नाही. रुमालाने तोंड पुसायला कोणी आलं तर अडवायचं. मंगलाष्टकांनंतर अर्ध्या तासात तीन जणी आल्या म्हणे.

मांडवात वरण-बट्टी आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीच्या पंगती उठल्या, फोटो झाले, साडेचारला पाठवणी. दहापैकी चार टिश्यू परत आले. गाल जसेच्या तसे होते, कपाळावर थोडं तेज होतं, तेवढं चालतं. डाव्या नाकपुडीवर नथीच्या तारेखाली मसुराएवढी जागा मात्र उघडी पडली होती. गाडी सुरू होण्याआधी तिथलं तेल टिपून बोटाने कन्सीलर टेकवला, आणि तेवढ्यात तिने पुन्हा नथ सारखी केली.