तुम्ही विचारलंत म्हणून: जुना मराठी सिनेमा कुठून धरायचा?

कोल्हापूरचा माणूस जुने सिनेमे बघतो म्हटलं की हमखास विचारणा होते. "आम्हीपण लावतो ओ, पण वीस मिनिटांत डोळा लागतो. नेमका कुठला बघू सांगा, आणि तुम्हाला त्यात एवढं काय दिसतं तेही सांगा." प्रश्न रास्त आहे. मी काही अभ्यासक नाही, हौशी बघ्या आहे. पण बघून बघून झालेलं मत असं की झोपेचं खापर सिनेमावर फुटतं आणि दोष निघतो भलत्याच तीन ठिकाणी: बघण्याच्या क्रमात, सिनेमाच्या प्रतीत आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये.

आधी क्रम. आपल्याकडची मंडळी अभिमानापोटी पहिल्यापासून सुरुवात करतात. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज डोळ्यांसमोर, तेव्हा मूकपटवाले बाबूराव पेंटर आधी, मग प्रभात फिल्म कंपनी, मग भालजी पेंढारकर. पण पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' बघायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी आणि आपोआप कुजणारी. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट असेच गेले. मग गाडी येते १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'वर. प्रभात तेव्हा कोल्हापुरातच होती, मराठीतला हा पहिला बोलपट, म्हणून लोक मानानं लावतात आणि तिथंच आडवे होतात.

त्यात तुमचा दोष नाही. आवाज तेव्हा जागेवरच घ्यावा लागे. पार्श्वगायन यायचं होतं, त्यामुळं नट स्वतः गाणार, वाजवणारे चौकटीच्या जरा बाहेर बसणार आणि मायक्रोफोनच्या टप्प्यातून कुणी हलायचं नाही. म्हणून माणसं उभ्या उभ्या गातात, कॅमेराही जागचा फारसा हलत नाही, आणि आपल्याला ते संगीत नाटकाचं छायाचित्रण वाटतं. दुर्गा खोट्यांची तारामती मात्र आजही उठून दिसते. हा सिनेमा बघा, पण पाच-सहा जुने पचल्यावर.

सुरुवात करायची ती मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'पासून. साल १९३८, हंस पिक्चर्स, लेखन आचार्य अत्र्यांचं. ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून पेटलेला औदुंबर खोलीतल्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो, जोर-बैठका सुरू करतो, आणि शपथ घेतलेल्या मंडळींच्या आश्रमातच किशोरी येऊन थडकते. किशोरी झालेल्या मीनाक्षीच्या पोहण्याच्या पोशाखातल्या गाण्यावरून तेव्हा मोठा गहजब झाला, आणि आजही लोक तेवढंच ऐकून असतात. खरी गंमत संवादांत आहे. व्याख्यानबाजी आणि देशभक्तीचं सोंग यांची टर अत्रे अशी उडवतात की तालमीच्या गावात तर ती जास्तच लागू पडते. उत्तरार्धात विनोद ताणला जातो, हे कबूल करायला हवं. पण पहिल्या तासात झोप आलीच तर मी जेवण देईन.

आता प्रतीचं. यूट्यूबवर एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रती दिसतात आणि माणूस पहिली दिसेल ती लावतो. आधी लांबी बघा. प्रभातचा 'कुंकू' अडीच तासांहून मोठा आहे. प्रत पावणेदोन तासांची असेल तर कुणीतरी कात्री लावलेली आहे. 'संत तुकाराम' १३१ मिनिटांचा. तो १२६ च्या आसपास दिसला तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडची जुनी व्हिडिओ पद्धत २५ नं, म्हणून तशी उतरवलेली प्रत चार टक्के वेगानं धावते. आवाजही चढतो. पेटीच्या काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या जरा अलीकडे जाऊन बसतं. पेटीवाल्या माणसाला ते लगेच टोचतं, बाकीच्यांना फक्त "गाणं चिरकं का वाटतंय" एवढंच जाणवतं. प्लेअरमध्ये वेग ०.९६ करता आला तर करा.

दहा-अकरा मिनिटांची तूट निघाली तर मात्र एक अख्खं रीळ गायब आहे असं समजा. हजार फुटांचं रीळ बरोबर तेवढं चालतं. दर अकरा मिनिटांनी ओरखडे वाढतात आणि वाक्य मध्येच तुटतं, तेही त्यामुळंच. रिळाचं तोंड आणि शेपूट ऑपरेटरच्या हातात सगळ्यात जास्त येतं, तेच आधी झिजतं, आणि प्रत्येक डागडुजीत चार-सहा चौकटी कापल्या जातात. प्रभातच्या सिनेमाच्या सुरुवातीला तुतारी फुंकणारी बाई दिसलीच पाहिजे. ती नसेल तर डोकंच उडालेली प्रत आहे, पुढची बघा.

टीव्हीची बाब सगळ्यात सोपी, पण करत कुणीच नाही. हे सिनेमे जवळपास चौकोनी, ४:३ चे. टीव्ही १६:९ चा. पडदा भरावा म्हणून घरातलं कुणीतरी चित्र ताणून ठेवतं आणि 'कुंकू'तल्या शांता आपट्यांचा चेहरा एक तृतीयांशानं रुंद होतो. ताणण्याऐवजी 'झूम' केलं तर वरखाली मिळून चौथा हिस्सा कापला जातो, कपाळाला कात्री लागते. मेन्यूत 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. अपलोड करणाऱ्यानंच चित्र ताणलं असेल तरी टीव्हीवरची ४:३ निवड ते परत जागेवर आणते. त्यानंच कापलं असेल तर इलाज नाही.

'कुंकू' यासाठी सोयीचा आहे. त्यात भिंतीवरचं घड्याळ पुन्हा पुन्हा येतं. तबकडी गोल दिसली की समजा चित्र बरोबर.

मग 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं, ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. दोन चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाच्या चौकटी घालतो, आणि १९३७ चा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत होतो. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर फिल्मचे कण मुंग्यांसारखे वळवळतात. कृष्णधवल चित्रात हिरवी-गुलाबी झाक असेल तर 'कलर' सरळ शून्य करा. आवाजात सराउंड नको. मूळ आवाजाचा पट्टा एकेरी (मोनो) आहे, त्याला खोलीभर फिरवलं की शब्द धूसर होतात. ट्रेबल वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण वरच्या पट्टीत फक्त खरखर आहे, शब्द मधल्या पट्टीत असतात. ट्रेबल थोडा कमी करा, आवाज थोडा वाढवा.

आणि जवळ बसा. ४३ इंची टीव्हीवर ४:३ चं चित्र जेमतेम ७१ सेंटिमीटर रुंद उरतं. पाच फुटांवर खुर्ची घ्या, सोफ्यावरून लांबून बघितलं तर डोळा लागणारच. यापेक्षा बरा उपाय म्हणजे दसरा चौकात शाहू स्मारकला फिल्म सोसायटीचा खेळ असेल तेव्हा जाणं. अंधार, मोठा पडदा, आणि मधेच उठून कुकर बंद करायला जाता येत नाही.

दुसरा बघायचा तो 'कुंकू'. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. प्रभातनं हा हिंदीतही 'दुनिया न माने' नावानं केला. मिळेल तो बघा, पण निवड असेल तर मराठी. सिनेमाभर पार्श्वसंगीत नाही हे कान देऊन ऐका. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढ्यावर दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) ताण उभा केलाय. आज प्रत्येक अश्रूवर व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी हा सक्तीनं बघावा. शेवट मात्र मला पळवाट वाटतो. काय होतं ते सांगत नाही, पण जो प्रश्न नीरानं समाजाला विचारलाय तो शेवटी एका माणसाच्या सद्सद्विवेकावर सोडून सिनेमा मोकळा होतो. तरीही केशवराव दात्यांचे काकासाहेब खलनायक होत नाहीत, ही मोठी गोष्ट.

'संत तुकाराम' बघताना हात जोडून बसू नका. भक्तिपट म्हणून लावला की डोळे मिटतात. तो आवलीचा, तुकारामाच्या बायकोचा सिनेमा म्हणून बघा. गौरी या नटीनं उभी केलेली ही बाई संसाराचा गाडा ओढून वैतागलेली, पोरं उपाशी, नवरा अभंगात. देवळात शिरून ती पांडुरंगावर पायताण उगारते, आणि त्यात खोटेपणा तसूभर नाही. पागनीसांच्या तुकारामाची शांतता तिच्या तडतडीमुळंच खरी वाटते. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे. पुष्पक विमान आज भाबडं दिसतं, चालायचंच. १९३७ मध्ये व्हेनिसला या सिनेमाची वाखाणणी झाली ती विमानामुळं नक्कीच नव्हे.

१९४१ चा 'शेजारी' मात्र लोक नाहक मागे ठेवतात. जिवबा आणि मिर्झा, बुद्धिबळाच्या पटावर बसणारे दोन म्हातारे, आणि गावात धरण बांधायला आलेला माणूस. मधला भाग सरळसोट आहे, कोण काय करणार ते आधीच कळतं. धरण फुटण्याचा शेवट मात्र नीट पडद्यावर बघा, मोबाईलवर बघून मत देऊ नका.

इथून पुढे तमाशापटांत शिरायला हरकत नाही. अनंत मानेंचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) बघताना एकच पथ्य: गाणी पुढे ढकलायची नाहीत. एरवी ढकलली तर चालून जातं, इथं कथाच हुकते, कारण गावच्या दांडग्यानं केलेला अन्याय शेवटी फडावरच, त्याच्यासमोर, वगातून मांडला जातो. 'बुगडी'साठी लावणारे पुष्कळ. तेवढ्यावर थांबू नका, हंसा वाडकर बघा.

भालजींचे ऐतिहासिक सिनेमे माझ्या मते आज जड जातात. वाक्यं दमदार, पण प्रत्येक जण भाषणच करतो. त्याऐवजी १९६५ चा 'साधी माणसं' घ्या. लोहार नवरा-बायको गाव सोडून शहरात येतात आणि फसतात, एवढीच गोष्ट. सूर्यकांत आणि जयश्री गडकर त्यात अभिनय करताना पकडले जात नाहीत. गीत खेबुडकरांचं, संगीत 'आनंदघन', म्हणजे लताबाई. भात्याचं आणि ऐरणीचं गाणं तर तुम्हाला पाठच असेल, ते कुठल्या प्रसंगात येतं तेवढं बघा.

'पिंजरा' (१९७२) आवडत नाही म्हटलं की इथं भांडण होतं, म्हणून नीट सांगतो. डॉ. लागूंचा मास्तर घसरू लागतो तिथपर्यंत सिनेमा अप्रतिम आहे. पुढे मात्र मास्तरला इतक्या वेळा शिक्षा होते की उपदेश पडद्याबाहेर सांडतो. आणि चूक बाईच्या घुंगरांच्या माथी मारायची सवय मला पटत नाही. प्रत लाल-गुलाबी दिसली तर ती सोडून द्या: ईस्टमनकलरच्या फिल्ममधला निळसर रंग आधी उडतो आणि मागे लाली उरते. 'पिंजरा'नंतर लगेच 'नटरंग' (२०१०) लावा. कागलच्या आनंद यादवांची कादंबरी, अजय-अतुलची गाणी, आणि तमाशाकडे बघणारा नव्हे तर त्यात उभा राहणारा माणूस मध्यभागी. गुणाला नाच्या व्हावं लागतं, तेव्हा गाव त्याचं काय करतं, हे 'पिंजरा'नं विचारलंच नव्हतं.

'सामना' शेवटी ठेवा. दिग्दर्शन जब्बार पटेल, लेखन तेंडुलकर, निळू फुल्यांचा हिंदुराव. इकडच्या प्रेक्षकाला साखर कारखान्याचा चेअरमन काय चीज असते हे समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळं पहिल्या दहा मिनिटांत जे मुंबईकराला कोडं वाटतं ते आपल्याला सरळ कळतं. लागूंचा दारुडा मास्तर आणि हिंदुराव समोरासमोर बसून बोलतात ते प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा शब्द ऐका, दुसऱ्यांदा जो बोलत नाहीये त्याच्याकडे बघा. फुले तिथं फार कमी करतात.