सूत्राच्या आधीची पायरी

वर्गसमीकरणाचं सूत्र आम्ही शिकवणीत घोकून आलो होतो. 'उणे बी, अधिक-उणे वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए.' शाळेत मात्र बीजगणिताचे सर ते फळ्यावर लिहायलाच तयार नव्हते. "पाठ झालंय ना? मग आता ते बाजूला ठेवा आणि हे सोडवा," असं म्हणून त्यांनी लिहिलं: ३क्ष² + ५क्ष = २.

दोन्ही बाजूंना १२ ने गुणायला लावलं, म्हणजे क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने. ३६क्ष² + ६०क्ष = २४. मग ५ चा वर्ग, २५, दोन्हीकडे मिळवला. डावीकडे (६क्ष + ५)², उजवीकडे ४९. मध्ये एकही अपूर्णांक नाही! पुढे ६क्ष + ५ = ७ धरलं की क्ष = १/३, उणे ७ धरलं की क्ष = −२. मग सरांनी आकडे पुसून त्या जागी अक्षरं घातली आणि पाठ केलेलं सूत्र आमच्या डोळ्यांदेखत तयार झालं. विवेचक, म्हणजे सूत्रातला वर्गमुळाखालचा भाग, हा तो उजवीकडचा ४९, हे त्या दिवशी कळलं ते कायमचं.

ही रीत प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त ती त्यांच्या नावानिशी दिली म्हणून टिकली. त्याच ग्रंथातली वानरांची दोन गणितं सरांनी घातली होती. कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग रानात खेळतोय, उरलेली १२ टेकडीवर आहेत: उत्तरं ४८ आणि १६, दोन्ही चालतात. दुसऱ्यात पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. सूत्र ५० आणि ५ देतं. पण पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून तीन वानरं वजा कशी करणार? भास्कराचार्यही ५ नाकारतात. "उत्तर गोष्टीत घालून बघितल्याशिवाय वही मिटायची नाही," असा सरांचा दंडक होता. इंजिनिअर म्हणून काम करताना मी आजही तो पाळतो.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याबद्दलचा १२०७ चा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटणला आहे. माझी शाळेला विनंती आहे: दरवर्षी दहावीच्या मुलांना तिथे न्यावं आणि वानरांची ही दोन्ही गणितं तिथेच सोडवायला द्यावीत. प्रवासखर्चाचा भार मी आनंदाने उचलेन.