५९९ की ६००

आज मोडीच्या तासाला सात पोरं, पटावर एकवीस. बाकीचे कुठेयत विचारलं तर म्हणे एबीसी आयडीचा (विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याच्या नंबरचा) घोळ झालाय, ऑफिसच्या खिडकीशी लाईनीत उभे आहेत. बरं. फळ्यावर जुन्या पत्रांतली सालाची नेहमीची ओळ लिहिली, सु॥ (म्हणजे सुहूर सन) अर्बा सबैन मया व अलफ. अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, झाले ११७४. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. बावीस वर्षं हेच सांगतोय, झोपेतून उठवलं तरी सांगीन.

तास संपल्यावर एमए भाग दोनची एक मुलगी मागे थांबली, हातात माझ्याच शोधनिबंधाची झेरॉक्स, त्यात हेच साल असलेलं एक पत्र. सर, एक विचारू का, हे पत्र छ ७ मोहरमचं, म्हणजे मोहरमच्या सातव्या चंद्राचं आहे ना, मग १७७३ कसं काय? मी म्हटलं कसं म्हणजे काय, ११७४ मध्ये ५९९... आणि तिथेच अडकलो. त्या सुमाराला मोहरम मार्चात यायचा. मार्च म्हणजे मृगाच्या आधी, म्हणजे ६००, म्हणजे २० मार्च १७७४. पोरगी जंत्री (जुन्या-नव्या तारखा जुळवायचं पुस्तक) बघूनच आली होती, नुसती गप्प उभी राहिली बिचारी.

आता एका वर्षाने काय एवढं बिघडतं असं कुणी म्हणेल, पण माझं सगळंच बिघडलं. पत्रात पंढरपूरकडच्या एका पाटलाची तक्रार आहे, स्वारांनी कडबा उचलून नेला, बैलांना काडी उरली नाही. त्यावर मी सहा पानं रंगवलीत की नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, पण मुलखातली घडी त्याआधी पाच महिनेच विस्कटली होती वगैरे. कसली घडी! २६ मार्च १७७४ ला त्याच भागात कासेगावला राघोबादादा आणि त्यांच्यावर पुण्याच्या कारभाऱ्यांनी धाडलेले सरदार त्रिंबकराव पेठे यांची लढाई झाली, सहा दिवस आधी त्या पाटलाच्या गंजीवर घोडी तुटून पडणारच ना. साधी गोष्ट होती, मी तिची थिअरी केली.

गंमत म्हणजे (गंमत कसली) तो पेपर केअर लिस्टमधल्या, म्हणजे यूजीसीच्या मान्य यादीतल्या जर्नलात आलेला, त्याचे पॉइंट माझ्या प्रमोशनच्या फाईलला लागले सुद्धा. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती लिस्टच बंद केली. दुरुस्ती छापून आणायची म्हटली तर तिला फॉर्ममध्ये रकानाच नाही.

मुलीला म्हटलं, हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये घाल, माझी चूक म्हणून स्पष्ट लिही. तर म्हणते, सर एक्स्टर्नलला, बाहेरच्या परीक्षकांना, कसं वाटेल? मी म्हटलं, एक्स्टर्नलला वाटेल तसं वाटू दे. एवढ्यात एचओडींचा मेसेज, मोडी वर्गाचा जिओटॅग फोटो अजून आला नाही, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाईलला हवाय. बाकीची पोरं तोवर गेली होती. आम्ही दोघंच फळ्यासमोर उभे राहिलो, शिपायाने फोटो काढला.

रात्री जेवण झाल्यावर माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. २०१४ च्या वहीत ते पत्र सापडलं, माझ्याच अक्षरात उतरवलेलं, शेजारी ५९९ आणि खाली पेन्सिलीने बारीक लिहिलंय, तपासणे.