लहान मुलं घेऊन लंडन: ट्यूबपेक्षा बस बरी

मे महिन्यात ठाण्यातून लंडनला निघणाऱ्या घरांत तयारी सुरू होते ती काय काय पाहायचं या यादीपासून. मुलं दहा वर्षांच्या आतली असतील तर आधी ठरवायला हवं ते फिरायचं कसं. लंडनची ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, १८६३ सालापासूनची. आजही तिच्या निम्म्याहून कमी स्टेशनांवर रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत पायऱ्या न चढता जाता येतं. झोपलेलं मूल, प्रॅम आणि दोन पिशव्या घेऊन जिने चढणं म्हणजे काय, हे गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनचा पूल ओलांडणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यात पिकॅडिली आणि सेंट्रल या खोल लाइनच्या बहुतेक गाड्यांत एसी नाही.

म्हणून बस. ११ वर्षांखालच्या मुलांना बस फुकट आहे. ट्यूबमध्येही एका तिकीटवाल्या मोठ्या माणसाबरोबर या वयाची चार मुलं फुकट जातात. गेटमधून जाताना बाजूचं रुंद फाटक वापरायचं, म्हणजे प्रॅमही अडकत नाही. ११ ते १५ वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-ट्यूबचं पैसे भरून वापरायचं कार्ड) घ्या आणि ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत घालायला सांगा. १४ दिवसांपर्यंत मोठ्यांच्या निम्मं भाडं लागतं. बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण पूर्ण भाडं भरत राहतात.

बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत, बँकेचं किंवा ऑयस्टर कार्ड यंत्राला टेकवायचं. मोठ्या प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघं चालत नाहीत. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड घातलेला फोन टेकवला, तर यंत्रणेला ते दोन प्रवासी वाटतात आणि दिवसाच्या कमाल भाड्याचा (एका दिवसात त्याहून जास्त कापत नाहीत) फायदा जातो. जे टेकवलं तेच दिवसभर टेकवा. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं, ट्यूबमध्ये चढताना आणि उतरताना दोन्हीकडे. पहिल्यांदा टेकवल्यापासून एका तासात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच कापतं, त्यामुळे चुकीच्या बसमध्ये चढलात तर निमूट उतरून दुसरी पकडा.

चुकीची बस मिळण्याचं मुख्य कारण थांबा. एकाच नावाचे चार-पाच खांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि प्रत्येक खांबावर वेगळं अक्षर. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ते अक्षर दिसतं. नुसतं थांब्याचं नाव पाहू नका, अक्षर जुळवा. प्रॅमची जागा बसच्या मधोमध, पण तिच्यावर पहिला हक्क व्हीलचेअरचा. व्हीलचेअर आली की प्रॅम मिटावी लागते, म्हणून छत्रीसारखी पटकन घडी होणारी हलकी प्रॅमच न्या. वरच्या मजल्यावर जायलाही घडी हवीच. मुलांचा खरा आनंद तिथल्या पहिल्या रांगेत! जिन्यावर असतानाच बस सुटते, तेव्हा मुलाला पुढे घालून मोठ्यानं मागून चढावं. उतरताना उलट, मोठा पुढे.

१५ नंबरची बस ट्रॅफल्गार स्क्वेअरहून सेंट पॉल्सवरून टॉवर ऑफ लंडनला जाते. टॉवरमध्ये दार उघडताच आधी राजमुकुटांकडे जा. कोहिनूर तिथेच आहे, आणि दुपारी त्याच दालनाची रांग सर्वांत लांब असते. ९ नंबर रॉयल अल्बर्ट हॉलला सोडते. तिथून उतारावर दहाएक मिनिटं चाललं की सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम. दोन्हीकडे प्रवेश मोफत, पण वेळेचं मोफत तिकीट आधी काढून ठेवा. नॅचरल हिस्टरीच्या मुख्य दालनात निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा सांगाडा टांगलाय, डायनासोर त्याच्यानंतर. दोन्ही म्युझियम एका दिवसात करू नका. चार वर्षांचं मूल दीड तासानंतर काहीही पाहत नाही, फक्त चालतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांनाही सुट्टी असते आणि या म्युझियमना अक्षरशः जत्रा भरते. जमलं तर तो आठवडा टाळा. मेमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणून पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे तीन-चारलाच उठून बसतात. म्युझियम दहाला उघडतं. मधला वेळ हॉटेलात रागवण्यात घालवू नका, साडेसातला हाइड पार्क गाठा. दिवाळीची सुट्टी निवडली तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि पुढे पाच वाजायच्या आत अंधार पडू लागतो. हाताशी दिवस तोकडा राहतो.

टॉयलेटचं गणित आधीच करा. बऱ्याच ट्यूब स्टेशनांवर सोय नसते. किंग्ज क्रॉस, वॉटर्लू, पॅडिंग्टन अशा मोठ्या रेल्वे स्टेशनांवर मात्र ती मोफत आहे.

सामानात चकली, चिवडा, खाकरा खुशाल न्या. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको: भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मांस आणि बटाटेही चालत नाहीत. बाळाची बंद डब्यातली दूध पावडर ठरावीक मर्यादेत चालते. नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह होतो, पण ताज्या फळांचे नियम आधी तपासून घ्या. शाकाहारी जेवणासाठी यूस्टनजवळची ड्रमंड स्ट्रीट लक्षात ठेवा, भेळही मिळते.

कागदपत्रांत घोळ होतो तो मुलांच्या पासपोर्टचा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आईवडिलांचा दहा वर्षांचा. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट व्हिसाच्या अर्जाआधी, विमानाच्या तिकिटाच्याही आधी. व्हिसासाठी पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण फोटोसाठी त्याला न्यावंच लागतं.

शेवटच्या दिवसासाठी एक जागा राखून ठेवा. प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर घेतलं आणि तिथे स्मारक केलं. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. वेळा आधी तपासून दुपारी जा, तिथून टेकडीवर. मेमध्ये उजेड रात्री नऊपर्यंत असतो, मुलं गवतावर लोळतात आणि समोर सगळं लंडन दिसतं.