टिपकागदावर वाचलेली कंपनी

साखर कारखान्यात ज्याचा एक हंगाम गेलाय, त्याला डेक्स्ट्रान या चिकट साखरसाखळीचा त्रास सांगायला नको. तोडलेला ऊस ट्रॉलीत ताटकळला की ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू कामाला लागतो, रस बुळबुळीत होतो, साखरेचा दाणा लांबुडका येतो, वर पोल, म्हणजे रसातल्या साखरेचं मोजमाप, तेही खोटं फुगतं. त्यावर डेक्स्ट्रानेज, म्हणजे डेक्स्ट्रान तोडणारं एन्झाइम, हा उतारा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही दोघांनी बुरशीतलं त्याचं जनुक पिकिया यीस्टमध्ये बसवलं. हे एन्झाइम कारखान्यांना विकायची कंपनी काढतो म्हटल्यावर एक सर हसले, "जनुकं विकून पोट भरतंय व्हय?" ते हसणं अजून कानात आहे.

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी तर कधीच वर गेलेलं. शिरोलीला हायवे बंद, शहरात डिझेल नाही, म्हणजे जनरेटरही नाही. शाहूपुरीतली आमची लॅब तळमजल्यावर, भाडं कमी म्हणून घेतलेली. पाणी उतरल्यावर गेलो तर उणे ऐंशीचा फ्रीझर आडवा पडलेला, आमच्या यीस्टच्या कुप्यांची लेबलं धुऊन गेलेली. वाढवून पाहिलं, नुसती बुरशी.

एका व्यापाऱ्यानं त्याच आठवड्यात कारखान्यांना फोन लावले: "ती पोरं वाहून गेली, आमचं परदेशी एन्झाइम घ्या." माझ्या हातून हे विसरणं व्हायचं नाही.

वाचवलं जोडीदाराच्या एका खोडीनं. आयजेम या विद्यार्थ्यांच्या जनुक-अभियांत्रिकी स्पर्धेत मुलांना एकेकाळी डीएनए कागदावर सुकवून मिळायचा, हे ऐकून त्यानं आमचा प्लाझ्मिड, म्हणजे ते जनुक असलेलं डीएनएचं कडं, टिपकागदावर टिपून आईच्या स्टीलच्या डब्यात, माळ्यावर ठेवला होता. तुकडा कापला, थेंबभर पाण्यात भिजवला, ई. कोलाय जिवाणूंत तो डीएनए शिरावा म्हणून त्यांना ४२ अंशांचा चटका दिला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर सात वसाहती. तिथून पिकियात परत जाण्यात दोन महिने गेले, आणि बायोसेफ्टीच्या कागदांची ये-जा वेगळीच.

न विचारता सांगतो: लॅब वरच्या मजल्यावर घ्या, स्टॉक दोन घरांत ठेवा, आणि कॉलेजशी हक्कांचं कागदावर आधी करून घ्या, नंतर नाही.

पुढची वर्षं बरी गेली. पण त्या हंगामात सगळे थांबले असताना एकाच चीफ केमिस्ट साहेबांनी निरोप धाडला होता, "ड्रम कधी?" आजही माल पोचला की ते स्वतः झाकण काढून वास घेतात, मग डेक्स्ट्रान किती उरलाय ते पाहायला रसाची अल्कोहोल टाकून धूसर-चाचणी करतात, आणि मगच चलनावर सही.